साडेनऊ हजार की बारा हजार? आधी गाडी जागेवर राहते का ते बघा

दापोली तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय: "माझ्याकडे बोलेरो कॅम्पर आहे, टू-व्हील ड्राइव्ह. झाडं काढायची कामं घेतो. घरावर झुकलेले फणस, वादळात पडलेली कलमं, वाडीतले जुने सागवान. पावसाळ्यात पाणंदीत रुतलेल्या गाड्या काढायलाही लोक बोलावतात. गाडीला पुढे विंच बसवायचाय. साडेनऊ हजारचा घेऊ की बारा हजारचा? वायररोप की सिंथेटिक? दोन्ही कामं एकाच विंचवर होतील ना?"

मी चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात २२ वर्षं हीच दोन कामं करतोय, आणि सुरुवातीला मीही दुकानात जाऊन हेच विचारलं होतं. विंच म्हणजे बॅटरीवरच्या मोटरने ड्रमवर दोर गुंडाळत ओढणारं यंत्र. तेव्हा आधी आकड्याचा घोळ मिटवू. दुकानदार "साडेनऊ हजार" म्हणतो ते पाउंड असतात, किलो नव्हेत. म्हणजे साधारण ४,३०० किलो. बारा हजार म्हणजे ५,४०० किलोंच्या आसपास. साडेनऊ टन ओढणारा विंच घेतला अशा समजुतीत वावरणारे दोघेतिघे तर माझ्याच ओळखीत आहेत.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींची उत्तरं देतो, पण ज्यावर सगळं अडतं ते तुम्ही विचारलेलंच नाही. दोर ताणला की गाडी कुठे जाणार? विंच दोन्ही टोकांना ओढतो. समोर ओंडका असेल तर जितक्या जोराने ओंडका तुमच्याकडे ओढला जातो, तितक्याच जोराने तुमची गाडी ओंडक्याकडे ओढली जाते. दोघांत जो हलका पडेल तो हलतो.

कॅम्पर रिकामी साधारण पावणेदोन टन धरू. पायब्रेक दाबून ठेवला तर चारही चाकं धरतात. कोरड्या खडीवर वजनाच्या निम्म्याइतकी पकड मिळाली तरी ८५०-९०० किलोंवर गाडी घसरायला लागणार. ओल्या गवतावर पाचशेवर. आणि हँडब्रेकवर भिस्त ठेवली तर आणखी वाईट, कारण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो आणि रिकाम्या पिकअपचा मागचा भाग फुलासारखा हलका. तिथे तीन-साडेतीनशे किलोंतच चाकं सरकू लागतात. आता सांगा, ४,३०० आणि ५,४०० या दोन आकड्यांतल्या फरकाचं तुम्ही काय करणार?

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं, त्यानंतरच्या आठवड्यात एका घराच्या पडवीवर झुकलेला फणस काढायला गेलो होतो. मुळं एका बाजूने उचकटलेली. झाड पडवीपासून उलट्या दिशेला ओढून घ्यायचं होतं. पिकअप खळ्याच्या कडेला उभी केली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना जांभ्याचे दोन तुकडे लावले आणि रिमोट दाबला. दोर तंग झाला, फणसाची पानं हलली, आणि मग टायरचा तो ओला, चिकट आवाज आला. शेवाळावरून गाडी हातभर पुढे सरकली. जांभ्याचा एक तुकडा चाकाखाली भुगा होऊन गेला. झाडावर बसलेला ताण तेवढ्याने सैल झाला आणि फणस पुन्हा पडवीकडे कलला. कौलं वाचली ती नशिबाने. पडवीत तेव्हा एक आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना आम्ही आधी उठवलंही नव्हतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्या दिवशी काम शेवटी झालं ते टिरफॉरने. आमच्याकडे काही जण त्याला टर्फर म्हणतात. हाताने दांडा मागेपुढे करायचं यंत्र, त्याच्यातून वायररोप आरपार जातो. मागच्या जांभळाच्या बुंध्याला बेल्ट घालून टिरफॉर बांधला, दोघांनी आळीपाळीने दांडा मारला, फणस इंच-इंच सरळ होत गेला आणि मग खळ्यात पडला. मोटर नाही, बॅटरी नाही. जांभूळ मात्र जागचं हललं नाही.

म्हणून झाडं आणि गाड्या ही दोन कामं मी मनात वेगळी ठेवतो. तुम्हीही ठेवा.

आधी उभं झाड. इथे ताकद लागते त्याहून जास्त उंची लागते. उदाहरण घेऊ. ५० फुटांचं झाड, वजन चार टन, आणि त्याचा भार नको त्या बाजूला बुंध्यापासून तीन फूट बाहेर गेलेला. दोर ३० फुटांवर बांधला आणि ८० फूट लांबून ओढला तर झाड सरळ करायला दोरावर साडेचारशे किलोंच्या आत ताण लागतो. तोच दोर शिडी आणायचा कंटाळा करून १२ फुटांवर बांधला तर हजाराच्या वर. लाकडाचा ताठरपणा, वारा, अंदाजातली चूक धरून मी हिशोब दुप्पट करतो, तरी वर बांधलेला दोर टनाच्या आत राहतो. म्हणजे १.६ टनाचा टिरफॉर पुरून उरतो. मोठा विंच घेऊन खाली दोर बांधणाऱ्यापेक्षा छोटं यंत्र घेऊन वर चढणारा गडी जास्त काम करतो. हां, वर बांधायचं म्हणजे जिथे खोड अजून जाड आणि निरोगी आहे तिथे. फणसाचा शेंडा पोकळ निघाला तर दोर शेंडा घेऊनच खाली येतो.

८० फूट का म्हटलं तेही सांगतो. ५० फुटांचं झाड ज्या बाजूला पाडायचं त्याच बाजूला तुम्ही ओढत उभे असता. झाडाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब राहायला हवं, आणि तेवढी जागा नसेल तर एखाद्या भक्कम बुंध्याला कप्पी लावून दोर वळवून घ्यायचा आणि स्वतः बाजूला उभं राहायचं. गाडीवरच्या विंचवर दोर साधारण ९० फूट असतो. ड्रमवर शेवटचे वेढे ठेवावेच लागतात, वायररोपचे किमान ५, सिंथेटिकचे १०. तिरका दोर ३० फूट उंचीपर्यंत न्यायचा म्हटलं की तो संपलाच. म्हणजे विंच कुठलाही घ्या, झाडासाठी वेगळा जोडदोर लागणारच.

दुसरं असं की, रिमोटवर अंगठा ठेवून उभ्या असलेल्या माणसाला झाड काय म्हणतंय ते कळत नाही. टिरफॉरच्या दांड्याला कळतं. दांडा जड झाला की थांबायचं, कटरवाल्याकडे बघायचं. आमच्याकडे पद्धत अशी: दोरावर आधी थोडाच ताण, लटकेपणा जाईल इतपत. मग पडायच्या बाजूची खाच. मग मागचा काप, पण मध्ये बिजागरीसारखी पट्टी शिल्लक ठेवून. मग कटरवाला बाजूला होतो, आणि तेव्हा कुठे खरी ओढ सुरू होते. आधीच विंचने झाड कचकचून ताणून ठेवलं आणि मग मागून कापायला घेतलं तर बुंधा उभा चिरतो आणि चिरलेला अर्धा भाग मागे उसळतो, नेमका कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर. सुरूचं झाड सरळ रेषेत फाटतं, त्याच्याशी तर अजिबात मस्ती नको.

टिरफॉरमध्ये जास्त भार आला की आतली पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी खिळा ठोकून काम रेटणारे महाभाग मी बघितले आहेत. तसं यंत्र भाड्याने मिळालं तर परत करा. दोरही त्या यंत्राला ठरवून दिलेल्या जाडीचाच वापरायचा, हातात आला तो नव्हे.

आता पडलेलं झाड, म्हणजे ओंडके ओढणं. इथे गाडीचा विंच कामाला येतो, पण वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. आपण घनफूट काढतो ते व्यापाऱ्याच्या रीतीने: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. सहा फूट घेराचा दहा फुटी ओंडका म्हणजे साडेबावीस घनफूट. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं, घनफुटाला २८ किलो, तर झाले साधारण ६३० किलो. पण ही रीत लाकूड विकण्यासाठी आहे. तिच्यात गोल ओंडक्याच्या कडा कापून गेल्या असं गृहीत धरलेलं असतं. खरं आकारमान तिच्यापेक्षा जवळजवळ २७ टक्के जास्त भरतं. तोच ओंडका खरा ८०० किलोंच्या वर जातो. लाकडाचे पैसे व्यापाऱ्याच्या घनफुटांवर घ्या, पण दोर आणि शॅकल (दोर-बेल्ट जोडायची लोखंडी कडी) त्या हिशोबावर निवडू नका.

सपाट मातीवर तो ओढायला वजनाच्या निम्मा ते पाऊण जोर लागतो. वीस अंशांच्या चढावर आणखी पावणेतीनशे किलो. पाऊण धरला तर एकूण आठ-साडेआठशेच्या घरात. बघा, गाडी घसरते तोच आकडा आला. आणि ओंडक्याचं नाक एखाद्या मुळाला किंवा गडग्याला अडलं की ओढ बघता बघता अनेकपट होते, कारण तिथे तुम्ही ओंडका नाही, गडगा ओढत असता. म्हणून आम्ही पुढचं टोक कुऱ्हाडीने गोल तासतो आणि खाली सालीसकट दोन फांद्या आडव्या टाकतो. दहा मिनिटांचं काम, पण त्याने विंचचं आयुष्य वाढतं.

मग गाडी जागेवर धरायची कशी? मागे झाड बघून तिला बांधायची. बेल्ट शक्यतो पुढच्या भागातल्या चॅसिसच्या ठिकाणाहून, विंच जिथे बसलाय त्याच्या जवळून मागे न्यायचा. मागच्या हुकाला बांधलं तर सगळा ताण चॅसिसच्या पूर्ण लांबीतून जातो. लॅडर चॅसिस आहे, एखाद्या वेळी सोसेल, रोज नको. आणि ज्याला बांधायचं ते झाडही पारखून घ्या. चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ असेल आणि जमीन मातीची असेल तर बुंध्याशी, अगदी जमिनीलगत बेल्ट घाला. माड आणि पोफळ नको, त्यांना सोटमूळ नसतं. पांगारा, शेवगा, सावर ही लाकडं भुसभुशीत. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट: कातळावर सुरुंग लावून खड्डे केलेले असतात, त्यांत माती भरून कलमं लावलेली असतात. वरून झाड डेरेदार दिसतं, पण मुळं खड्ड्यापुरती. जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्याच भागात किती मोठी झाडं मुळासकट लोळली ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. तशा कलमाला गाडी बांधू नका. जांभ्याच्या गडग्याला तर मुळीच नको, तो नुसता रचलेला असतो.

कप्पीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. कप्पी ओंडक्याला लावून दोर परत गाडीच्या हुकाला आणला तर ओंडक्यावर दुप्पट जोर पडतो, वेग निम्मा होतो, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाडीवरही दोन दोर ओढत असतात, त्यामुळे गाडी घसरायचा प्रश्न सुटत नाही, फक्त विंचचा त्रास निम्मा होतो. गाडीवरचा भार खरंच कमी करायचा तर दोराचं परतीचं टोक गाडीला न बांधता शेजारच्या झाडाला बांधायचं. मग निम्मा भार त्या झाडाने घेतला. उलट नुसती दिशा वळवायला झाडाला कप्पी लावली असेल तर त्या झाडावर किती भार येतो हे कोनावर आहे. दोर काटकोनात वळला तर दोराच्या ताणाच्या जवळजवळ दीडपट, पूर्ण उलटा फिरला तर दुप्पट. आणि त्या कोनाच्या आतल्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर दोर सरळ व्हायला त्याच बाजूने येतो.

आता रुतलेल्या गाड्या. इथे विंचचा मोठा आकडा खरोखर लागतो. चाकं रुतली असतील तर साधारण गाडीच्या वजनाइतका जोर धरायचा, चिखल मडगार्डला लागला असेल तर दुप्पट, बॉडीपर्यंत गेली असेल तर तिप्पट. लष्करी रिकव्हरीत, म्हणजे अडकलेल्या गाड्या काढण्याच्या कामात, हाच ठोकताळा वापरतात. अडीच टनांची गाडी मडगार्डपर्यंत रुतली म्हणजे पाच टन झाले, म्हणजे बारा हजारचा विंचही सरळ दोरावर जेमतेम. कप्पी हवीच. पण त्याआधी फावडं हवं. चाकांपुढचा चिखल काढून उतार करून दिला, पाणी वाट काढून सोडलं, की तोच आकडा निम्म्यावर येतो. गाडीवाल्याला घाई असते, तो म्हणतो, ओढा ओ, निघेल. ऐकायचं नाही.

विंचचा लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो हेही ध्यानात ठेवा. दोराचा प्रत्येक थर वर चढला की ओढ दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. चौथ्या थरावर ४,३०० चे साधारण २,६०० किलो राहतात. जवळचा ओंडका ओढताना ड्रम भरलेला असतो, म्हणजे नेमकी तेव्हाच ताकद कमी. दोर जास्तीत जास्त बाहेर काढून ओढायचं. कप्पीचा हाही एक फायदा, तिच्यात जादा दोर खपतो.

इथवरचं घेऊन तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. रिकव्हरीचा नेहमीचा ठोकताळा आहे, भरलेल्या गाडीच्या दीडपट. कॅम्पर माल भरून पावणेतीन टन धरली तर ४,१०० किलो होतात. साडेनऊ हजारचा बसतो. बारा हजारचा घेतला तर गाडीच्या नाकावर वजन वाढतं, विजेची भूक वाढते, आणि जादा ताकद वापरायला गाडीला मागे धरून ठेवणारं तितकंच भक्कम काही हाताशी नसतं. साडेनऊचा विंच आणि दोन चांगल्या कप्प्या, हे माझं मत. तुमची गाडी मोठी असती, चार टनांचा ट्रक असता, तर उत्तर वेगळं आलं असतं.

विजेचं म्हणाल तर तिथे झाडकाम आणि रिकव्हरी यांचं खरं भांडण आहे. पूर्ण भारावर हे बारा व्होल्टचे विंच चारशे अँपिअरच्या आसपास खातात. अल्टरनेटर देणार ऐंशी-नव्वद. उरलेलं बॅटरीतून. मिनिटभराच्या जोरकस ओढीत पाच-सहा अँपिअर-तास गेले, ते भरून यायला इंजिन जरा चढं ठेवून आठ-दहा मिनिटं लागतात. अडकलेली एक गाडी काढायची तर हे चालून जातं. दिवसाला वीस ओंडके ओढायचे तर दुपारपर्यंत बॅटरी बसते आणि मोटर चहाच्या पातेल्यासारखी तापते. मोटरवर हात ठेवून बघायची सवय लावा. हात टिकत नसेल तर काम बंद. मोटर सिरीज-वाउंड असलेलीच घ्या. पर्मनंट मॅग्नेटची स्वस्त पडते, पण लांब ओढीत लवकर तापते. बॅटरीपासून केबल जाड हवी, ३५ स्क्वेअर एमएमच्या खाली नको, आणि मध्ये हाताने तोडता येणारा आयसोलेटर हवाच. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, चिकटला तर रिमोट सोडूनही विंच ओढतच राहतो, तेव्हा बॉनेट उघडून पाना शोधायला वेळ नसतो.

रोज ओंडके हेच काम असेल, तर स्पष्ट सांगतो, पिकअपवर पैसे घालू नका. ट्रॅक्टरच्या मागे थ्री-पॉइंटला (अवजारं जोडतात तिथे) बसणारा, पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा विंच बघा. तो इंजिनवर चालतो, तासन्‌तास चालतो. त्याला खाली एक रुंद पाटा असतो. ओढायला लागलं की तो पाटा जमिनीत रुततो आणि ट्रॅक्टर घसरत नाही. मी सुरुवातीला म्हटलं त्या अडचणीवर बनवणाऱ्यांनीच तोड काढून ठेवलेली आहे. तुमच्याकडे ट्रॅक्टर नसला तरी वाडीत कुणाचा तरी असतो, भाड्याचं गणित घालून बघा. आणि झाड घराच्या अगदी डोक्यावर असेल, रस्ता असेल, तर सरळ हायड्रा क्रेन मागवा. गिऱ्हाईक कुरकुर करतं, करू दे. विंचने काहीही वर उचलायचं नाही, तो आडवं ओढायला बनवलेला आहे. माणूस तर कधीच नाही.

दोराबद्दल. रिकव्हरीला सिंथेटिक उत्तम. हलका आहे, हाताला बोचत नाही, तुटला तर वायरसारखा चाबूक मारत नाही. पण आपली लाल माती त्याची वैरी आहे. बारीक खडे धाग्यांत शिरतात आणि आतून कापत राहतात, वरून दोर छान दिसतो. चिखलातून काढला की बादलीत बुडवून धुवायचा, सावलीत वाळवायचा. उष्णताही त्याला सोसत नाही, दीडशे अंशांच्या आतच तो वितळतो. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, आणि भार असताना दोर बाहेर सोडत राहिलं तर ड्रम आतून तापतो. ओंडके ओढायला वायररोप बरा. जांभ्यावर घासला तरी दम धरतो, पण तुटलेल्या तारा तळहात फाडतात, तेव्हा चामडी हातमोजे घालूनच हात लावायचा. मी काय केलंय ते सांगतो: ड्रमवर सिंथेटिक, आणि ओंडक्याकडच्या टोकाला पंधरा-वीस फुटांचा वायरचा तुकडा, दोन्ही बाजूंना डोळे केलेला. घासायचं ते तो तुकडा घासतो. खराब झाला की बदलतो. दोराचा प्रकार बदललात तर दोर विंचमधून बाहेर येतो ते पुढचं तोंडही बदला. वायरला रोलर, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचं. वायरने ओरखडलेल्या तोंडातून सिंथेटिक ओढला तर पहिल्याच पावसाळ्यात हातात पिसारा येईल.

दोर कुठलाही असो, तुटला तर उसळू नये म्हणून ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाकायचं. चकचकीत डँपर मिळतात, पोतं फुकट मिळतं. झाडाला कधी नुसता दोर गुंडाळून त्याचा हुक त्याच दोरात अडकवायचा नाही. तीन इंची बेल्ट आणि शॅकल. साल सोलली गेली तर बागायतदार पुढच्या वर्षी बोलावत नाही, हेही आहेच.

बसवण्याबाबत एक सावधगिरी. बाजारात विंचसाठी भारदस्त लोखंडी बंपर मिळतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलेलं आहे. तेव्हा मूळ बंपर कायम ठेवून त्याच्या मागे चॅसिसला बोल्ट होणारी प्लेट करून घेणं बरं, आणि आरटीओत व विमा कंपनीकडे विचारूनच हात घाला. प्लेट फॅब्रिकेटरकडे बनवणार असाल तर तो वेल्डिंग चॅसिसवर मारत नाही ना, एवढं समोर उभं राहून बघा. भार बोल्टवर आडवा यायला हवा, बोल्ट उपटून काढेल असा सरळ नाही. आणि झाडाचं म्हणाल तर आंबा, फणस, सागवान, ऐन, किंजळ, जांभूळ ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. वादळात पडलेलं असलं तरी मालकाकडून कागद मागून घ्या, नाहीतर ओंडके भरलेली गाडी तुमची आणि उत्तरं द्यायची तुम्हीच. तारा अडकलेल्या असतील तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत वायररोप बाहेरसुद्धा काढू नका.

तर खरेदीचा क्रम माझ्या मते असा: आधी १.६ टनाचा टिरफॉर, बेल्ट, शॅकल आणि कप्प्या. एक पावसाळा त्यावर काढा. किती वेळा "इथे मोटर असती तर" असं वाटलं ते मोजा. मग साडेनऊ हजारचा विंच. तो आल्यावरही घरावर झुकलेलं झाड टिरफॉरनेच ओढा.

विंच बसवून आणलात की त्याच दिवशी, गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी, एखादा हलका उतार शोधा. दोर शेवटच्या दहा वेढ्यांपर्यंत पूर्ण बाहेर काढा, टोक वरच्या बाजूच्या झाडाला बांधा, गाडी न्यूट्रलला टाकून एकाला ब्रेक हलका धरून बसवा आणि विंचने गाडीला वर ओढत दोर ड्रमवर भरून घ्या, एकाला एक लागून, घट्ट. कारखान्यातून येतो तो दोर सैल गुंडाळलेला असतो. तसाच वापरला तर पहिल्याच मोठ्या ओढीला वरचा वेढा खालच्या थरात घुसून बसतो आणि मग तो काढायला अर्धा दिवस, दोन स्क्रूड्रायव्हर आणि घरच्यांना ऐकवता येणार नाहीत अशा शिव्या लागतात. मग महिन्यातून एकदा, काम असो-नसो, दोर बाहेर काढून आत घ्या. खाऱ्या हवेत चार महिने पडून राहिलेला विंच ऐन पावसात फिरत नाही.